उभा चालू, आडवा बंद

बसा, टेका जरा. चहा उकळेपर्यंत एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ती दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. दुसरे लोक तिखटमीठ लावून सांगतात. माझ्या गोष्टीला ते लावायची गरजच नाही हो! माणूस एकदा चुकतो आणि मोकळा होतो. मी चुकले, आणि त्या चुकीला कुलूप लावून दहा महिने सांभाळत बसले. किल्ली कमरेला!

आता काय झालं, ते पहिल्यापासून ऐका.

मी आमच्या बायकांच्या बचत गटाची सचिव. सचिव म्हणजे काय, हे ज्यांनी ते काम केलंय त्यांनाच कळेल. मीटिंगची सतरंजी अंथरायची मी, झटकायची मी, घडी करून ठेवायची मी. कोण आलं नाही म्हणून बोलवायला जायचं मी, आणि आल्यावर “आमाले आधी काहून नाही सांगतलं?” हे ऐकायचंही मीच. सात वर्षं झाली. दरवर्षी म्हणते, आता दुसरी कुणी करा बाई. दरवर्षी सगळ्याजणी एकदम पदर सावरायला लागतात.

आमचं गाव जऊळक्यापासून जवळच. गटाची एक पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही कुरड्या, पापड, शेवया करतो. आता कुरडईचं तुम्हाला माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, चीक काढायचा, पुन्हा पाणी. पाण्याशिवाय कुरडई होत नाही, आणि उन्हाशिवाय वाळत नाही. आणि आमच्याकडं ज्या महिन्यात ऊन असतं, त्या महिन्यात पाणी नसतं. एका वर्षी तर भिजवलेला गहू आंबून गेला, पण नळ काही आला नाही. वाशीमच्या दुकानदारांनी आमचा नाद सोडला आणि दुसऱ्या गटाकडून माल घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी आमच्या अध्यक्ष, अंजनाआत्या, शेडच्या पायरीवर बसून रडल्या. सत्तरीच्या बाई. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

तर अशात एक संस्था आली. गावोगावच्या गटांना, मंडळांना पावसाचं पाणी साठवायचा अख्खा संच दान देणार म्हणाली. पत्र्याच्या कडेला पन्हाळ, खाली पाईप, गाळणी आणि खोलीएवढी काळी टाकी. अर्ज लिहिला मी, फोटो चिकटवले मी, वाशीमला तीन खेपा घातल्या मी. आणि एक दिवस खरंच टाकी आली! ट्रकमधून उतरवताना सगळं गाव पाहायला उभं. अंजनाआत्यांनी टाकीला कुंकू लावलं. काळ्या टाकीवर ते दिसलंही नाही, पण लावलं.

टाकीच्या आधी ट्रेनिंग झालं होतं. वाशीमला, एका हॉलमध्ये. शिकवायला एक इंजिनियर मॅडम. माझ्या भाचीएवढी पोरगी, पण बोलणं काय स्वच्छ! म्हणाली, “ताई, पत्र्यावर वर्षभराची धूळ असते, पाखरांची घाण असते. म्हणून पहिल्या दोन पावसांचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. बाजूला हा कॉक असतो, तो चालू ठेवायचा, म्हणजे घाण पाणी बाहेर निघून जातं. पत्रा धुतला गेला की कॉक बंद. मग सगळं चांगलं पाणी टाकीत.”

किती सोपं! मी डायरीत लिहून घेतलं. मॅडमनी एक पाईप हातात उभा धरला होता, त्याला तो लाल दांड्याचा कॉक. दांडा उभा केला, म्हणाल्या, “चालू.” आडवा केला, म्हणाल्या, “बंद.” मी लिहिलं: उभा चालू, आडवा बंद. खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर मॅडम म्हणे आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. दांडा पाईपाच्या रेषेत असला की चालू, पाईपाला आडवा आला की बंद, असं काहीतरी. मी ते ऐकलं नाही. खोटं कशाला सांगू? त्या वेळी उपमा वाटायला सुरुवात झाली होती, आणि मी सकाळपासून उपाशी होते.

मग गजूभाऊ प्लंबर आला आणि त्यानं सगळं बसवलं. आमच्या शेडच्या भिंतीला उभा कॉक बसवायला जागा पुरेना, म्हणून त्यानं बाहेर जाणारा पाईप मागच्या बाजूला आडवा काढला आणि कॉक त्या आडव्या पाईपावर बसवला.

तुम्ही हुशार माणसं, तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. आमच्या ह्यांच्या आलं होतं. ते तिथं नुसते उभे होते, हात मागं बांधून. म्हणाले, “शोभे, हा पाईप तं आडवा हाय न वं?”

“मंग?”

“काही नाही. इचारलं.”

“डायरीत लिहून हाय माह्या. तुमी गेले होते का ट्रेनिंगले?”

तीस वर्षांच्या संसारात त्यांना गप्प बसायची सवय मीच लावली आहे. त्याची फळं पुढं भोगली.

मृगाचा पाऊस लागला. मी डायरी घेऊन शेडमागं गेले आणि दांडा ताठ उभा केला. म्हणजे चालू. दोन पाऊस झाले, बेताचेच. मी पुन्हा गेले आणि दांडा आडवा केला. म्हणजे बंद. हात झटकले. वर आभाळ भरून आलेलं. म्हटलं, ये बाबा आता, किती यायचं तितकं ये.

आणि तो आला हो! त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पत्र्यावर धडधड धडधड. मी घरात बसून तो आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, गेलं टाकीत, गेलं टाकीत.

कुठलं टाकीत! पहिल्या दोन पावसांची घाण तेवढी मी टाकीत घेतली होती, आणि पुढच्या चार महिन्यांचं निर्मळ पाणी मी स्वतःच्या हातानं बाहेर सोडून दिलं होतं. पण हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मी टाकीच्या बुडाशी बोटांनी ठोकून पाहायची. ढब्ब वाजायची. बुडाशी ते घाण पाणी होतं ना, वाजणारच! मी टाकीखालच्या ओट्याच्या पायरीवर बसायची, हात पोचायचा तिथंच वाजवायची.

श्रावणात अंजनाआत्यांनी विचारलं, “टाकी भरली का वं शोभा?”

“भरली का म्हणता? ढब्ब वाजून राह्यली, आत्या!”

“मंग वरतून सांडत काहून नाही? माह्या भावाच्या घरची टाकी तं धो धो सांडते.”

क्षणभर मलाही प्रश्न पडला. पण सचिवाला प्रश्न पडून चालत नाही. म्हटलं, “इंजिनियरनं हिशोबानं बनवली हाय आत्या. जितकं पानी तितकीच टाकी.”

“एकडाव झाकन उघडून पाय ना.”

“झाकन उघडाचं नाही म्हणून सांगतलं मॅडमनं. उजेड गेला का शेवाळ धरते.”

आत्या काही शाळेत गेलेल्या नाहीत. शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे तसंच असेल, असं समजून त्या घरी गेल्या.

पाऊस संपला. मीटिंग घेतली. ठरलं की हे पाणी एप्रिलमध्ये कुरड्यांसाठीच काढायचं, त्याआधी थेंबही नाही. मी जऊळक्याहून चांगलं पितळी कुलूप आणलं आणि नळाला साखळी बांधून लावून टाकलं. किल्ली माझ्याकडं. आणखी कुणाकडं असणार?

तिथून माझे खरे हाल सुरू झाले. सकाळी दार उघडलं की कुणीतरी कळशी घेऊन उभी. “शोभाताई, येक कळशी.” “नाही.” “पाहुने आले वं.” “नाही.” “बाळंतीन हाय घरात.” “नाही.” कोजागिरीच्या मंडळाला नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाही. आमच्या ह्यांनी एकदा दाढीला तांब्याभर मागितलं, त्यांनाही नाही. गावात मला टाकीवाली बाई म्हणायला लागले. पुढं पुढं तर त्याहून वाईट काही म्हणायचे, ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. सांगते, माणूस “नाही” म्हणून म्हणूनही थकतो. पण मी मनाशी म्हणायची, आत्ता शिव्या खा शोभे, एप्रिलमध्ये हेच लोक हात जोडतील.

आणि मग कमल आली.

कमल म्हणजे माझी शेजारीण. शेडच्या मागं तिचंच घर, शेडकडं पाठ करून. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या घरचा स्वयंपाक हिनं केलेला. तुळशीचं लग्न झालं आणि तिच्या पोराचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दिवशी पाण्याचे दोन गुंड, म्हणजे मोठे हंडे, घेऊन दारात उभी.

“शोभे, चार दिवसांपासून नळ नाही. टँकरवाला फोन नाही उचलून राह्यला. घरात पंचवीस पाहुने हायेत. दोन गुंड दे वं.”

मी म्हटलं, “कमल, थे पानी उन्हाळ्यासाठी राखून हाय.”

“मले माहीत हाय. दोनच गुंड.”

“तुले देलं तं उद्या साऱ्या गावाले द्या लागन.”

ती माझ्याकडं पाहतच राहिली. “म्या काय म्हशी धुवाले मांगून राह्यली का? पोराले उद्या हळद लागते माह्या!”

“ठराव झालेला हाय, कमल. माह्या हातात काही नाही.”

“किल्ली कोनाच्या कमरेले हाय मंग?”

मी पदर ओढून किल्ली झाकली. कमलनं गुंड उचलले. दोन पावलं गेली, मागं वळली. म्हणाली, “ठेव राखून. वर जातानी संगं घेऊन जाजो.”

त्या दिवसापासून बोलणं बंद. लग्नाला मी गेले, तर अक्षता वाटणाऱ्या पोरीनं माझ्या हातात बरोबर चार दाणे टाकले. शिकवून ठेवलं होतं की काय, कोण जाणे!

लग्नानंतर आठवडाभरानं कमलच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. तिच्या घरामागं एक जुनी विहीर आहे, पंधरा-वीस वर्षं कोरडी. काटेरी फांद्या टाकून झाकून ठेवली होती. नवी सून पूजा केर टाकायला तिकडं गेली, आत डोकावली, आणि ओरडली, “आई, विहिरीत पानी हाय!”

सगळी गल्ली धावली. विहीर चांगली अर्धी भरलेली. स्वच्छ, गार. कमलनं सुनेला तिथंच ओवाळलं. पोरीचा पायगुण! रोज बायका येऊन तिला पाहून जायच्या. एकीनं तर आपल्या आटलेल्या बोअरवर तिला हात ठेवायला नेलं म्हणे. बिचारी पोरगी, बावीस वर्षांची. गेली, हात ठेवला, परत आली.

आणि एके दिवशी आमचे हे बादली भरून घरी.

“कुठून आनलं?”

“कमलवहिनीनं देलं. गोड हाय पानी.”

“तिच्या दारात कायले गेले तुमी?”

“आपली टाकी बंद हाय ना.”

दोन महिने आमच्या घरात त्या विहिरीचं पाणी आलं. मी ते प्यायले. तोंड वाकडं करून प्यायले, पण प्यायले.

इकडं संस्थेला दर महिन्याला मोबाइलवर अहवाल पाठवावा लागे. मी लिहायची: “टाकी पूर्ण भरलेली आहे. एक थेंबही वाया गेलेला नाही.” दर महिन्याला तेच. बाकीच्या गटांच्या टाक्या जानेवारीतच आटल्या. एकट्या आमच्या गटाची भरलेली! मग काय व्हायचं? संस्थेच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. “ताई, तुमचा गट आम्ही आदर्श म्हणून निवडलाय. एप्रिलमध्ये आम्ही स्वतः येतो. इतर गटांच्या बायकाही आणतो. तुमच्या टाकीचं कुलूप आपण सगळ्यांच्या समोर उघडू.”

फोन ठेवला आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की सचिव असणं काही वाईट नाही.

तो दिवस उजाडला. मंडप, खुर्च्या, रांगोळी. दोन जीपगाड्या भरून बायका आल्या. इंजिनियर मॅडम आल्या. आम्ही आदल्या दिवशी गहू निवडून ठेवलेला, मोठमोठी भगोनी घासून उन्हात मांडलेली. अंजनाआत्या नव्या लुगड्यात. वाशीमचा एक दुकानदारही बोलावला होता, त्यानं पुन्हा आमचा माल घ्यावा म्हणून. कमल तिच्या मागच्या दारात उभी राहून लांबूनच पाहत होती, शेजारी सून.

साहेबांनी भाषण केलं. “शिस्त शिकायची तर या ताईंकडून शिका,” म्हणाले. टाळ्या. मी कमरेची किल्ली काढून तबकात ठेवून त्यांच्यापुढं धरली. नारळ फुटला. साहेबांनी कुलूप काढलं, काचेचा ग्लास नळाखाली धरला आणि नळ फिरवला.

आधी नुसती हवा आली. फुस्स. मग नळाला जणू ठसका लागला, आणि अर्धा ग्लास पाणी आलं. रंग चहाचा. त्यात एक कबुतराचं पीस. मग पुन्हा फुस्स. मग काहीच नाही.

साहेबांनी ग्लास उन्हाकडं धरला. पीस गोल गोल फिरत होतं.

मी धावत जाऊन टाकीवर हात मारला. खाली ढब्ब. टाचा उंचावून वर मारला, टण्ण! असा आवाज की कुत्रं उठून पळालं.

“चोरी झाली!” अंजनाआत्या ओरडल्या. “आमचं पानी चोरलं कोनीतरी!”

आणि माणूस बुडायला लागला की कसा वागतो, ते ऐका. मी मागं पाहिलं. कमल दिसली. कमलची विहीर दिसली. आणि माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मी हात लांब करून, सगळ्यांसमोर, साहेबांसमोर ओरडले, “हिच्या कोरड्या विहिरीले पानी कुठून आलं, थे इचारा आधी! पायगुन म्हणे! पायगुन नाही, पाईप टाकला हिनं! आमची टाकी उपसली!”

अख्खा मंडप कमलकडं वळला. तिचा चेहरा असा पांढरा पडला की अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पूजानं तिचा हात घट्ट धरला. कमल एवढंच म्हणाली, “शोभे, म्या? तुह्या घरी चोरी करन?”

“पाईप हाय की नाही, पाहूनच घ्या!” मी म्हटलं. थांबायचं नाव नाही माझं.

इंजिनियर मॅडम तडक शेडमागं गेल्या. सगळा जमाव त्यांच्या मागं. पाईप होता. भिंतीतून निघालेला, आडवा, आणि त्याचं तोंड थेट कमलच्या विहिरीकडं. खाली पाण्यानं केलेली एक छान नाली, विहिरीच्या कडेपर्यंत गेलेली. मी विजयानं म्हटलं, “पाहा! हे पाहा!”

मॅडमनी लाल दांड्याला हात लावला. “ताई, हा कॉक बंद कुणी केला होता?”

“मीच!” मी छाती पुढं काढून म्हटलं. “दोन पाऊस झाल्यावर, तुमी सांगतलं तसा. आडवा. तेव्हापासून कोनाले हात नाही लावू देला.”

मॅडम माझ्याकडं पाहत राहिल्या. डॉक्टर नातेवाइकांकडं पाहतात ना, तसं. हळूच म्हणाल्या, “ताई, हा चालू आहे.”

“आडवा हाय न!”

“पाईपही आडवा आहे.”

मागून आमच्या ह्यांचा आवाज आला. “मी म्हनलं होतं.”

मग मॅडमनी तिथंच सगळ्यांना समजावून सांगितलं. घाण पाणी टाकीत कसं गेलं, चांगलं पाणी विहिरीत कसं गेलं. किती छान समजावत होती पोरगी! दोन जीपगाड्यांच्या बायका मन लावून ऐकत होत्या. एकजण वहीत लिहूनही घेत होती. मी खाली बसले. तिथंच, नालीत. पाणी खरोखर कमलच्या विहिरीत गेलं होतं. चोरही सापडला होता. दहा महिने त्यानं रोज टाकीवर पहारा दिला होता.

मला वाटलं, आता कमल येईल आणि सगळ्यांसमोर माझी सालं काढेल. काढायलाच हवी होती. मी मान खाली घालून वाट पाहिली.

ती आली. माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते. मग अंजनाआत्यांकडं वळून म्हणाली, “आत्या, गहू भिजवा. पानी तुमचंच हाय म्हन्ते मॅडम. माह्या विहिरीतून घेऊन जा.” आणि माझ्याकडं न पाहता जोडलं, “कुलूप नाही लावलं म्या विहिरीले.”

अहो, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पूजाला मी नंतर म्हटलं, “पोरी, तुहा पायगुन मी खोटा पाडला. माफ कर वं.” तर ती हसायलाच लागली. “बरं झालं काकू! मले इतकं टेन्शन आलं होतं. पुढच्या साली पानी नाही आलं तं काय तोंड दाखवू म्हणून झोप नाही येत होती मले.”

त्या वर्षीच्या कुरड्या कमलच्या विहिरीच्या पाण्यावर झाल्या. पांढऱ्याशुभ्र. विहिरीपासून शेडपर्यंत सगळं पाणी मी वाहिलं, कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं माल घेतला. कमल तेरा दिवस बोलली नाही. चौदाव्या दिवशी शेवयांचं पीठ भिजवता भिजवता म्हणाली, “मीठ कमी हाय.” मी मुठीनं मीठ टाकलं. तेव्हापासून बोलतो आम्ही. पण पाणी मागायची वेळ आली की ती आधी विचारते, “ठराव करा लागन का वं?”

संपलं असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण संस्थेचे साहेब तो ग्लास विसरले नाहीत. त्यांचा फोन आला. मला वाटलं, टाकी परत न्यायला येतात. तर म्हणाले, “ताई, आमच्या ट्रेनिंगमध्ये कॉकचा भाग तुम्हीच शिकवा. मॅडमनी सांगितलेलं बायका विसरतात. तुमचं कुणी विसरणार नाही.”

नाही कसं म्हणणार? कुठल्या तोंडानं? आता मी गावोगाव हिंडते. एसटी, ऑटो, पायी. आधीच सचिवपणानं जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ही नवी नोकरी. पण एक शहाणपणा केला. गोष्ट सांगताना माझं नाव घेत नाही. “एका गावात एक बाई होती,” असं सांगते. बायका हसतात, त्या बाईला नावं ठेवतात, मीही त्यांच्याबरोबर हसते आणि निघून येते.

परवा धनजला गेले होते. गोष्ट अशी रंगली म्हणून सांगू! बायका हसून हसून लोळायला लागल्या. एक म्हातारी तेवढी पुढं बसलेली, ती हसेना. गोष्ट संपल्यावर तिनं हात वर केला.

“बाई, येक सांग. दहा महिने थ्या बाईनं झाकन उघडून येकडाव आत नाही पाह्यलं?”

“नाही ना आजी,” मी म्हटलं.

“काहून पन? लयच येडी होती काय थे?”

आणि काय झालं मला, देव जाणे. चटकन बोलून गेले, “येडी कायले असन? टाकी केवढी उंच हाय, माहीत हाय का? शिडीवर कोन चढन? गुडघे दुखतात तिचे! चढताना शिडीवरून पडली असती तं तुमी आल्या असत्या का उचलाले? सांगणं सोपं हाय!”

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या.

म्हातारीनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग शेजारची खुर्ची ओढून माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली,

“बस माय, खाली बस. कवाची उभी हायेस.”